तलावाभोवतीची पायवाट: कामाच्या नोंदी

एका छोट्या तलावाभोवती, आसपास राहणाऱ्यांच्या श्रमदानातून केलेल्या पायवाटेच्या या नोंदी. तलावाचा घेर दीड किलोमीटरच्या आसपास. वाटेची रुंदी दीड मीटर ठेवली, म्हणजे दोन माणसं शेजारी-शेजारी बोलत जाऊ शकतात. असं काम कुणी हाती घेणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून वहीतलं जवळपास तसंच उतरवतोय.

१२ ऑक्टोबर

पाऊस उघडला, तलाव काठोकाठ. उन्हाळ्यात आखणी केली तर पाणी कुठवर येतं ते अंदाजपंचे ठरवावं लागतं. लेव्हल पाईप (पातळी जुळवायची पाणी भरलेली पारदर्शक नळी), खुंट्या, सुतळी आणि फक्कीची गोणी घेऊन निघालो. वाट पाण्याला लागून हवी, यावर सगळ्यांचं एकमत. त्यामुळे काठापासून चार पावलं सोडून फक्की मारत गेलो.

उत्तरेच्या वळणावर गुरं राखणारे एक मामा बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "दादा, ही तुमची रेघ पाऊस लागला की पाण्यात असती."

"मामा, तलाव आत्ता भरलेलाच आहे की."

त्यांनी काठीने बाभळीची एक फांदी बाजूला केली. गुडघ्याच्या वर, काट्यांत वाळलेलं गवत, पिशवीचा तुकडा आणि चपलेचा पट्टा अडकलेला. पुढच्या बाभळीवरही तेवढ्याच उंचीला तसाच कचरा.

पाणी सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, माथ्याला लागलं की तलाव भरला म्हणतात. पण सांडवा वाहतो तेव्हा पाणी त्या माथ्याच्याही वर असतं, आणि वर किती जाईल ते पाऊस आणि सांडव्याची रुंदी ठरवते. आमची रेघ भरलेल्या तलावाची होती, वाहत्या तलावाची नव्हती. दुपारभर अडकलेला कचरा शोधत फिरलो, प्रत्येक खुणेशी खुंटी ठोकली आणि लेव्हल पाईपने खुंट्यांची पातळी जुळवून पाहिली. वाट त्या पातळीच्या किमान अर्धा मीटर वर न्यायची ठरली.

सपाट भागात त्यामुळे वाट पाण्यापासून बरीच लांब गेली आणि नाराजी झाली. तोड म्हणून तीन ठिकाणी पाण्यापर्यंत छोटे फाटे काढायचे. फाटा बुडाला तरी चालतो, फेरी चालू राहते.

५ नोव्हेंबर

तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाचं परवानगीपत्र मिळालं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, तोवर कामाचे चांगले कोरडे आठवडे वाया गेले. अर्ज आखणीच्या आधीच टाकून ठेवावा.

पत्रातल्या अटी मात्र रास्त आहेत. मातीच्या बांधावर खोदाई नाही, बांधाच्या पायथ्याशी तर मुळीच नाही. खांब रोवायचे नाहीत, झाडं लावायची नाहीत. झाडांवरून आमच्यात वाद झाला. बांधावर सावली का नको, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. अडचण मुळांची. जिवंत मूळ भरावात शिरतं आणि झाड मेलं की मूळ कुजून आत पोकळी राहते. पाणी त्या पोकळीतून वाट काढतं, सोबत माती घेऊन जातं, आणि मातीचे बांध असेच आतून पोखरले जातात. बांधावर फक्त गवत.

बांधाच्या माथ्यावर मुरमाचा पातळ थर द्यायला परवानगी आहे. ढाळ मात्र तलावाच्या बाजूला द्यायचा. बाहेरच्या बाजूला दिला तर पावसाचं पाणी मागच्या मातीच्या उतारावरून ओघळत जातं आणि घळी पडतात. आतल्या बाजूला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर आहे, ते पाणी सोसतं.

२१ नोव्हेंबर

उत्तरेच्या चढाची आखणी. इथे जमीन तलावाकडे उतरते आणि वाट त्या उताराला आडवी जाते. आम्ही पाळलेला नियम: जमिनीचा उतार जितका, वाटेचा चढ त्याच्या निम्म्याहून जास्त नको. जमीन १६ टक्के उतरत असेल तर वाट फार तर ८ टक्के चढावी. त्याहून तीव्र केली की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच पळतं.

एका कोपऱ्यात लोकांची जुनी पाऊलवाट सरळ उभी चढते. ती पावसात ओहोळ होते हे तिथल्या उघड्या पडलेल्या मुळांवरून दिसतंच. ती सोडून वळसा घेतला. जुनी वाट बंद करायला तिच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी फांद्या बाजूला आणि वाट चालू! शेवटी वळशाच्या कोपऱ्यावर, जुन्या वाटेच्या तोंडाशीच, मोठे दगड बसायला मांडले. आता लोक तिथे टेकतात आणि पुढे वळशानेच जातात.

९ डिसेंबर

बेशरम तोडली. पश्चिमेचा काठ तिने पार गिळला होता. कोयत्यांनी पटापट काम झालं आणि तोडलेले दांडे काठावरच ढीग करून ठेवले.

४ जानेवारी

ढिगातल्या दांड्यांना पालवी फुटली आहे. ओल्या मातीला टेकलेला प्रत्येक दांडा मूळ धरतोय. बेशरमची लागवड करायची असती तर याहून वेगळं काही करावं लागलं नसतं. सगळं पुन्हा उपटलं, पाण्यापासून लांब मुरमाड जागेवर पसरून खडखडीत वाळू दिलं. उरलेले बुंधे टिकावाने मुळासकट काढले. वेळ तोडणीपेक्षा कितीतरी जास्त लागला. पाला जनावरांना विषारी असतो, त्यामुळे वाळवणाच्या जागेला दोरी बांधून घेतली.

१८ जानेवारी

मुरूम आला. हिशोब असा धरला होता: १०० मीटर लांबी, दीड मीटर रुंदी, दबल्यावर जाडी २० सेंटीमीटर, म्हणजे ३० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. साडेदहा ब्रास झाले. पण हा दबलेला मुरूम. ट्रकमधून येतो तो मोकळा, दाबला की पाव-पंचमांश कमी होतो. म्हणजे १०० मीटरला १३ ते १४ ब्रास मागवायचे. एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा या मुरमाचा, आणि त्यातही वाहतुकीचा. ट्रक कुठवर येऊ शकतो ते आधी बघा. पुढचं अंतर घमेल्यांनी कापावं लागतं.

पहिल्या ट्रकचा माल लालभडक आणि दिसायला देखणा. बरणीत मूठभर टाकून, पाणी भरून, हलवून ठेवला. वाळू मिनिटभरात खाली बसली, पण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ होतं आणि वाळूवर चिकणमातीचा बोटभर थर. हा मुरूम पावसात साबणासारखा होणार. तो वाटेवर न घेता रोपांच्या खड्ड्यांसाठी बाजूला ठेवला. पुढचा माल खाणीवरच बरणी नेऊन पाहिला. अगदी माती नसलेलाही नको, तो बांधून राहत नाही, पायाखाली खडे सुटत राहतात.

८ फेब्रुवारी

उत्तरेचा पहिला टप्पा. पूर्ण थर एकदम पसरून रोलर फिरवला. वर फरशीसारखं गुळगुळीत दिसत होतं. पहार टेकवून जोर दिला तर वरचे तीन-चार बोटं घट्ट, खाली भुसभुशीत. हातरोलर असो की धुमस, जाड थरात दाब खालपर्यंत पोचत नाही. सगळं उकरून पुन्हा पसरलं, या वेळी प्रत्येक थर १० सेंटीमीटरचा.

पाणी किती मारायचं यावर ज्याचं त्याचं मत होतं. जुळलं ते असं: मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला की दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चेपटला तर जास्त. एकदा टँकर आला म्हणून हात सैल सोडला, तर रोलरला चिखल चिकटून थर उचलला जायला लागला. मग वाळेपर्यंत काम बंद.

आडवा ढाळ तलावाकडे, दीड मीटरला सात सेंटीमीटर, म्हणजे साधारण ५ टक्के. मोजायला एक सरळ फळी केली: दीड मीटर लांब, एका टोकाखाली सात सेंटीमीटरचा ठोकळा ठोकलेला, वर स्पिरिट लेव्हल. फळी टेकवायची आणि बुडबुडा बघायचा. नवखा माणूसही हे करू शकतो.

बांधाच्या भागात मात्र ढाळ २ टक्केच, दीड मीटरला तीन सेंटीमीटर. तो भाग व्हीलचेअर आणि वॉकरसाठी. त्याहून जास्त आडव्या ढाळावर व्हीलचेअर सतत एका बाजूला ओढली जाते. चढही १ ला २० च्या आत. संपूर्ण फेरी व्हीलचेअरला जमेल असं आम्हाला करता आलं नाही. उत्तरेचा चढ ते होऊ देत नाही. फाटकापासून बांधाच्या टोकापर्यंत जाऊन परत येता येतं, आणि तसं फाटकावर लिहिलं आहे.

६ मार्च

पश्चिमेची काळी माती. आत्ता तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा आहेत, पावसात हीच फुगून चिखल होते. वर नुसता मुरूम टाकला तर एका पावसाळ्यात गडप. वरची फूटभर माती काढली, जिओटेक्सटाइल नावाचं कृत्रिम धाग्यांचं कापड अंथरलं, त्यावर डबर, त्यावर मुरूम. कापडाचं काम एकच: पाणी जाऊ द्यायचं, पण दगड चिखलात रुतू द्यायचे नाहीत आणि चिखल वर येऊ द्यायचा नाही. जोड किमान ३० सेंटीमीटर एकमेकांवर घेतले. कापड उन्हात खराब होतं, म्हणून त्या दिवशी डबर पडेल तेवढंच उलगडायचं. काढलेली माती पाण्यात न ढकलता दक्षिणेच्या रोपांना दिली.

पाणकणसातून लाकडी पूल काढायचा, फोटो छान येतील, असा प्रस्ताव होता. नको म्हटलं. खांबांसाठी कणसं तुडवावी लागणार, लाकूड ओल्या-कोरड्याच्या सीमेवर कुजणार आणि दरवर्षी दुरुस्ती आमच्याच गळ्यात. शिवाय पक्षी तिथे राहतात ते माणूस जात नाही म्हणूनच. वाट पाणकणसाच्या बेटाला वळसा घालून गेली.

ओढ्यावर आधी पाईप टाकून मोरी केली होती. चाचणी म्हणून वरून टँकर सोडला आणि काडीकचऱ्याने पाईपचं तोंड पहिल्याच लोंढ्यात बुजलं. मोरी काढून फरशी केली: ओढ्याच्या तळाच्या पातळीला मोठे दगड उभे रोवून घट्ट बसवले. पाणी वरून जातं, कचराही वरून जातो. ओढा जोरात असेल तेव्हा माणसांनी थांबायचं.

१४ एप्रिल

गेल्या आठवड्यात पसरून ठेवलेल्या मुरमावर टिटवीने अंडी घातली. घरटं म्हणावं असं काही नाही, खड्यांतला उथळ खळगा आणि त्यात चार ठिपकेदार अंडी. घमेलं टेकवायला वाकलेल्या एकीला ती दिसली, नाहीतर मुरूम वर पडला असता. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेय. उबवायला चार आठवड्यांच्या आसपास लागतात. तेवढा टप्पा दोरी लावून सोडला आणि माणसं दक्षिणेला हलवली. वेळापत्रक कोलमडलं. मोकळ्या खडीची वाट उन्हाळ्यात अर्धवट ठेवली की हे होणारच, तेव्हा पसरलेलं त्याच आठवड्यात दाबून टाका.

१० मे

मोटारसायकली. वाट सपाट झाली तशा येऊ लागल्या. फाटकाशी खांब रोवले, मधलं अंतर ९० सेंटीमीटर, कारण व्हीलचेअरला तेवढं लागतं. मोटारसायकलही आरामात आत. अंतर कमी केलं की व्हीलचेअर अडते. रुंदीच्या हिशोबात यातून सुटका नाही.

सुटका लांबीत आहे. व्हीलचेअर सव्वा मीटरच्या आसपास, मोटारसायकल दोन मीटर. दोन आडवे कठडे एकापुढे एक लावले, एकाची वाट डावीकडून, दुसऱ्याची उजवीकडून, मध्ये दीड मीटर. व्हीलचेअर तेवढ्यात वळते. मोटारसायकलला उतरून मागचं चाक उचलावं लागतं. हट्टी माणूस तेही करतो, पण नव्वद टक्के त्रास गेला. गुरांसाठी दक्षिणेची वाट वेगळी आहे, तिथे अडथळा नाही.

२ जून

बाकं बसवली. बसायची उंची ४५ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना हात असलेली बाकं घेतली, वयस्कर माणसाला उठताना त्यांचाच आधार लागतो. दिवे लावायचे नाहीत असं ठरलं. पहाटे ते संध्याकाळ एवढीच वाटेची वेळ.

१९ जून

पहिला मोठा पाऊस. छत्र्या घेऊन पाऊस चालू असतानाच निघालो. वाट कुठे चुकली हे पाऊस थांबल्यावर अर्धंच दिसतं.

उत्तरेचा ढाळ बरोबर असूनही पाणी वाटेवरून खाली उतरत नव्हतं. तलावाकडच्या कडेला अडून वाटेच्या लांबीने पळत होतं. खाली बसून पाहिलं तर कडेला बोटभर उंचीचा वरंबा. रोलर फिरवताना कडेला सरकलेला आणि झाडून बाजूला लोटलेला मुरूम. त्यावर गवताचे कोंब येऊन तो पक्का झालेला. बोटभर वरंब्याने अख्ख्या वाटेचा नाला केला. उतारावर तळहात मावेल एवढी चर पडली आणि बारीक मुरूम वाहून खालच्या वळणावर पंख्यासारखा पसरला.

भर पावसात फावड्यांनी वरंबा कापत गेलो. जिथे कापू तिथून पाणी लगेच खाली उड्या घेतं.

पण नुसता वरंबा कापून भागणार नाही, तो दरवर्षी तयार होणार. म्हणून उतारावर दर वीसेक मीटरला वाटेतच खोलगट भाग केले: वाट थोडी खाली उतरते, मग थोडी चढते, आणि खोलगट जागेचं तोंड तलावाकडे रुंद उघडं. चालणाऱ्याला जाणवतही नाही, पण पाणी तिथे थांबून बाहेर पडतं. आडवे ओंडके टाकायचा पर्यायही होता. पण ओंडक्यामागे गाळ साचला की पाणी वरून उडी मारतं आणि पलीकडे खड्डा करतं, वर वयस्कर माणसं अडखळतात. प्रत्येक खोलगटीच्या तोंडाखाली डबर पसरलं, नाहीतर पडणारं पाणी तिथे नवी घळ करतं.

पश्चिमेचा काळ्या मातीचा भाग, ज्याची सगळ्यांना धास्ती होती, जागचा हलला नाही.

२३ जुलै

सांडवा वाहू लागला. त्याच्या टोकाशी वाट सांडव्याच्या तळातून जाते. कठडा केला नाही, कारण कठड्याला कचरा अडकला की सांडव्याची तोंडं बंद होतात आणि धोका बांधाला होतो. दोन्ही बाजूंना साखळी, आणि एक रंगवलेला दगड: पाणी त्याला लागलं की साखळी लावायची. घोट्याच्या वर, १५ सेंटीमीटरएवढं जोराचं पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलतं. पोहता येतं म्हणणाऱ्यांची समजूत घालणं हे दगड वाहण्यापेक्षा अवघड गेलं.

ओढ्यावरची फरशी मस्त चालली.

११ ऑगस्ट

उकरलेल्या मातीवर दोन्ही कडांना गाजरगवत दाट उगवलं. फुलायच्या आधी उपटणं भाग आहे, एका झाडाचं बी हजारांनी पडतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला रुमाल. अंगाला लागलं की काहींना पुरळ उठतो. जागा रिकामी ठेवली तर पुन्हा तेच येणार, म्हणून उतारावर लगेच वाळ्याचे ठोंब लावले. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती धरून ठेवतात. अर्जुन, करंज, जांभूळ यांची रोपं वाटेपासून तीन मीटर सोडून लावली. जवळ लावलेलं झाड मोठं झालं की मुळांनी वाट उचलतं.

२८ ऑगस्ट

दक्षिणेची गुरांची वाट. इथे खुरांनी मुरूम कधीच टिकला नसता, म्हणून पायवाट ओलांडते तिथून पाण्यापर्यंतच्या उतारावर दगड बसवले होते, चपटी बाजू वर. दिसायला सुरेख. पावसात त्यावर शेवाळ धरलं आणि म्हशी घसरायला लागल्या. एक तर पुढच्या पायांवर बसलीच, आणि मग सगळं खांड दगड सोडून शेजारच्या मातीतून उतरू लागलं. ती माती आता चिखल होऊन पाण्यात चाललीय.

दगड काढून पुन्हा बसवतोय, या वेळी उभे, धारेवर, मध्ये दोन बोटं फट ठेवून. फटीत खुराला पकड मिळते. तेवढ्याच जागेला दगड मात्र दुपटीहून जास्त लागतात. वरचा अर्धा उतार झालाय, म्हशी त्यावरून न बिचकता येतात. खालचा भाग पाण्याखाली आहे, तो पाणी उतरल्यावर. तोवर दगड गोळा करून कुंपणाशी रचून ठेवायचे, आणि मधल्या मातीच्या भागावर डबर टाकून वेळ मारून न्यायची.